विश्लेषण : रुग्णालयातल्या खाटेला पाच लाखांचे कवच, मग घरातल्या खाटेचा खर्च कोणाचा?

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता पाच लाख रुपयांपर्यंतचे मोफत उपचार देणारी योजना देशात लागू आहे. मात्र रुग्ण घरी परतला, अंथरुणाला खिळला, की हे कार्ड जवळपास निरुपयोगी ठरते. असे का होते? घरी दिल्या जाणाऱ्या आरोग्यसेवेवर सरकार अजिबातच खर्च करत नाही का? गडचिरोली, केरळ आणि तमिळनाडूने काय वेगळे केले? आणि आज महाराष्ट्रातील कुटुंबाच्या हाताशी नेमके काय आहे?

सोळाव्या दिवशी काय होते?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ७४ वर्षांच्या गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्मान वय वंदना कार्ड होते, योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात खाट मिळाली, आयसीयू आणि वॉर्ड मिळून दहा दिवसांचे बिल योजनेने भरले. डिस्चार्ज मिळाला तेव्हा उजवी बाजू लुळी होती, नाकात अन्नाची नळी होती आणि लघवीसाठी कॅथेटर होता. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासण्या पॅकेजमध्ये धरलेल्या असतात. सोळाव्या दिवसापासून सगळे घरच्यांवर येते.

सगळे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असे आजारपण झाले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. डोके वर करता येणारी लोखंडी खाट आणि एअर बेड भाड्याने, डायपर, युरीन बॅग, नळीतून द्यायचे पातळ अन्न, दर काही आठवड्यांनी कॅथेटर बदलायला येणारी नर्स, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आणि ब्युरोतून १२ किंवा २४ तासांसाठी बोलावलेल्या मावशी. यातले बहुतेक खर्च एकेकटे पाहिले तर छोटे दिसतात, पण ते रोजचे असतात आणि किती महिने चालणार, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पाठीला जखम झाली, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि रुग्ण पुन्हा रुग्णालयात भरती झाला, की कार्ड पुन्हा चालू होते. म्हणजे जखम होऊ नये यासाठीच्या एअर बेडचे भाडे योजना देत नाही. जखम चिघळल्यावरच्या भरतीचे पैसे मात्र देते.

हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा अंदाज ‘लासी’ या देशातील ज्येष्ठांच्या सर्वांत मोठ्या पाहणीतून येतो. २०१७-१८ मधील या पाहणीत ६० वर्षांवरील सुमारे २४ टक्के लोकांना अंघोळ, कपडे घालणे, खाणे, चालणे, शौचाला जाणे यांपैकी किमान एका गोष्टीत अडचण असल्याचे आढळले. ही पाहणी करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. तिच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील अहवालानुसार, देशात साठी ओलांडलेले लोक २०२२ मध्ये सुमारे १४.९ कोटी होते. २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील.

योजना घराच्या उंबऱ्याशी का थांबते?

याचे उत्तर योजनांच्या रचनेत आहे. जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झाली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. दोन्हींचा पाया एकच आहे. गरीब कुटुंब एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेने कर्जात बुडू नये, हा मूळ हेतू. त्यामुळे योजना ‘भरती’ या घटनेभोवती बांधली गेली. रुग्ण दाखल होतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागते, ठरलेल्या दराचे पॅकेज मंजूर होते, डिस्चार्जनंतर दावा सादर होतो आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. या साखळीत पैसे घेणारा पक्ष रुग्णालय आहे. घर नाही, मावशी नाही, फिजिओथेरपिस्टही नाही.

दुसरे कारण नियमनाचे. खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होमची राज्यात १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी होते. खाटा, डॉक्टर, परिचारिका यांचे निकष असतात. घरी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोंना असा कोणताही आरोग्यविषयक परवाना लागत नाही. ‘होम हेल्थ एड’सारखे काही महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, पण ते केल्याशिवाय काम करता येणार नाही अशी सक्ती नाही. सरकारने पैसे द्यायचे ठरवले, तरी नेमके कोणाला आणि कोणत्या दर्जाच्या कामासाठी, हे आधी ठरवावे लागेल.

तिसरे कारण तिजोरीचे, आणि ते सहसा उघडपणे बोलले जात नाही. घरी सेवा दिली तर रुग्णालयांवरचा ताण आणि खर्च कमी होतो, असे सर्रास सांगितले जाते. हे प्रत्येक वेळी खरे ठरत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘चॅनलिंग’ नावाचा मोठा प्रयोग झाला. अशक्त वृद्धांना घरीच मदत देऊन नर्सिंग होमचा खर्च वाचतो का, हे त्यात तपासले गेले. एकूण खर्च वाढला. कारण मदत घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण मुळात नर्सिंग होममध्ये जाणारच नव्हते. आतापर्यंत घरचे लोक जे फुकट करत होते, त्याचे पैसे सरकारला द्यावे लागले. मात्र रुग्णांच्या गरजा अधिक भागल्या आणि घरच्यांचे समाधान वाढले, हेही त्याच प्रयोगात दिसले. अर्थ खात्यातला अधिकारी पहिले वाक्य वाचतो, रुग्णाची सून दुसरे.

असाच पेच इतरत्र कसा सुटला?

‘रुग्णालयात पैसे, घरी नाही’ हा पेच अमेरिकेत एका लहान मुलीमुळे राष्ट्रीय बातमी झाला होता. आयोवा राज्यातील केटी बेकेट हिला बाळ असताना मेंदूज्वर झाला आणि तिला कृत्रिम श्वसनाची गरज लागली. ती घरी राहू शकेल इतकी सुधारली, पण गरिबांसाठीची ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना तिचा खर्च रुग्णालयातच देत होती. घरी आली की आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाई आणि ती अपात्र ठरे. घरचा खर्च रुग्णालयातील खर्चाच्या एका हिश्शाइतका असूनही हे होत होते. १९८१ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचे उदाहरण दिले, तिच्यासाठी नियमाला अपवाद केला गेला आणि ती घरी आली. त्याच वर्षी राज्यांना मेडिकेडचा पैसा घरगुती सेवांवर खर्च करण्याची सवलत देणारी तरतूद कायद्यात आली. आजही अशा सवलतींना तिच्या नावाने ओळखले जाते.

घरी सेवा खरोखर दिली गेली का, हे तपासायचे कसे, या शंकेवर त्याच देशाने २०१६ च्या कायद्यात तांत्रिक उत्तर दिले. मेडिकेडच्या पैशातून घरी जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोणत्या तारखेला, कुठे आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, अशा सहा गोष्टी नोंदवाव्या लागतात. फोनमधल्या जीपीएसवर हे होते. आपल्याकडे रोजगार हमीच्या मजुरांची आणि अंगणवाडीतल्या मुलांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर घेतली जाते. तेव्हा ‘घरी तपासणार कोण’ ही अडचण तंत्रज्ञानाची राहिलेली नाही. अर्थात, नेटवर्क नसलेल्या गावात अ‍ॅपचे काय होते, हा अनुभवही आपल्याकडे आहे.

जर्मनीने १९९५ मध्ये काळजीसाठी स्वतंत्र सक्तीचा विमाच आणला. पगारातून त्यासाठी वेगळी वर्गणी कापली जाते. तपासणी करणारा अधिकारी घरी येऊन माणूस किती परावलंबी आहे याचे गुण देतो आणि त्यानुसार एक ते पाच श्रेणी ठरते. त्यानंतर कुटुंब एकतर व्यावसायिक सेवा घेऊ शकते किंवा घरच्याच माणसाने काळजी घेतली तर रोख भत्ता मिळतो. २०२५ मध्ये हा भत्ता दुसऱ्या श्रेणीसाठी महिना ३४७ युरो आणि पाचव्या श्रेणीसाठी ९९० युरो होता. काळजी घेण्यासाठी नोकरीचे तास कमी करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनमध्येही ठरावीक अटींवर भर घातली जाते.

जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, पण रोख भत्ता जाणीवपूर्वक टाळला. चाळिशीपासून हप्ता सुरू होतो, निम्मा खर्च करातून येतो आणि सेवा घेताना बहुतेकांना १० टक्के रक्कम भरावी लागते. पैसे हातात दिले तर सासू-सासऱ्यांची सेवा सुनेच्याच गळ्यात पडेल, असा तिथल्या महिला संघटनांचा आक्षेप होता. म्हणून माणूस मिळतो, पैसे नाहीत.

हा आक्षेप मराठी वाचकाला परका वाटणार नाही. केंद्राच्या २०२४ मधील ‘वेळेचा विनियोग’ पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के महिला घरातल्या कोणाची ना कोणाची काळजी घेण्यात दिवसातला सुमारे १४० मिनिटांचा वेळ देत असल्याचे दिसले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे होता. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. तरीही सरकार जो खर्च करत नाही, तो कोणाच्या वेळेतून भागतो, हे या आकड्यांवरून कळते.

भारतात घरच्या सेवेवर सरकारी पैसा खर्च होतच नाही का?

होतो. आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. रुग्णालय दूर, रस्ता नाही, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही अशी रीत. तेव्हा बाळ रुग्णालयात नेण्यापेक्षा उपचारच बाळाकडे नेले गेले. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. वजन करणे, बाळाला ऊब देणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला वाचवणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि प्रतिजैविक देणे, हे सारे त्या शिकल्या. ३९ गावांत हा कार्यक्रम राबवला आणि ४७ गावांशी तुलना केली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले होते आणि एका बाळामागचा खर्च ५.३ डॉलर होता.

शिक्षण कमी असलेल्या स्त्रीच्या हाती इंजेक्शन द्यावे का, यावर डॉक्टरांमध्ये बराच वाद झाला. पुढे २०११ मध्ये केंद्राने ही कल्पना ‘गृहआधारित नवजात शिशू काळजी’ म्हणून देशभर नेली. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर आशा सेविका ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते, घरी झाले असेल तर सात वेळा. २०१८ पासून त्याला पुढचा टप्पा जोडला गेला. बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आणखी पाच भेटी.

पैशांचा हिशेब मात्र बोलका आहे. पहिल्या सहा भेटींसाठी आशांना मिळून २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत. तेही वजनाची नोंद, जन्मनोंदणी, लसीकरण झालेले असणे आणि ४२व्या दिवशी आई-बाळ सुखरूप असणे, या अटींवर. दुसऱ्या टप्प्यात भेटीमागे ५० रुपये. घरपोच सेवेला सरकारने स्वतःहून लावलेला हा दर आहे. राज्यातील आशांनी मानधनवाढीसाठी २०२३ आणि २०२४ मध्ये संप का केला, हे समजायला एवढा आकडा पुरेसा आहे. त्यानंतर राज्याने त्यांच्या मासिक मानधनात पाच हजारांची भर घातली.

बाळासाठी जी व्यवस्था उभी राहिली, ती त्याच घरातल्या आजोबांसाठी का नाही? कागदावर आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना उपकेंद्रातील कर्मचाऱ्याने घरी जाऊन पाहणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे त्यात अपेक्षित आहे. २०१२ मध्ये परिहार सेवेचा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याच्या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांमध्येही ज्येष्ठांची काळजी आणि परिहार सेवा आहेत. पण या भेटींसाठी वेगळे मनुष्यबळ नाही. लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि अ‍ॅपवरच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्याच परिचारिकेने आणि त्याच आशांनी हेही करायचे आहे.

केरळला जमले ते कसे?

कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन आणि परिहार सेवेची संस्था सुरू केली. कर्करोगाचे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येत, पण शेवटच्या टप्प्यात ते येऊच शकत नसत. डॉक्टर घरी जाऊ लागले, तेव्हा लक्षात आले की गरज फक्त मॉर्फिनच्या गोळीची नाही. कोणाकडे तांदूळ नसतो, कोणाच्या मुलाची फी राहिलेली असते. मग मलप्पुरम आणि आसपासच्या भागात गावकऱ्यांचे गट तयार झाले. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी यांना प्रशिक्षण मिळाले आणि घरोघरच्या छोट्या देणग्यांवर परिचारिका नेमल्या गेल्या.

इथपर्यंतची गोष्ट स्वयंसेवी कामाची आहे आणि अशी कामे महाराष्ट्रातही झाली आहेत. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी परिहार सेवा केंद्र आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचे पथक रुग्णांच्या घरी जाते. वेगळे घडले ते पुढे. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले आणि घरी जाऊन सेवा देण्याची जबाबदारी ग्रामपंचायती आणि नगरपालिकांवर टाकली. हे शक्य झाले, कारण १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून तिथे राज्याच्या योजना खर्चाचा मोठा वाटा थेट स्थानिक संस्थांकडे जातो. पंचायत परिचारिका नेमते, गाडी भाड्याने घेते, ड्रेसिंगचे साहित्य आणि औषधे खरेदी करते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर देखरेख करतो. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्या व्यक्तीला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम तुटपुंजी आहे. तरी काळजी घेणारीचे नाव सरकारी यादीत आले.

केरळनंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकनेही परिहार सेवेची धोरणे केली. फरक पैशाच्या वाटेत आहे. केरळमध्ये गावातल्या रुग्णांची यादी आणि त्यासाठीचे पैसे एकाच ग्रामपंचायतीच्या टेबलावर असतात.

तमिळनाडूने वेगळी वाट धरली. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ सुरू झाले. लोकांना शोधत जाणारे वैद्यक, असा त्याचा अर्थ. बचत गटातल्या महिला स्वयंसेविका रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देतात. फिजिओथेरपिस्ट आणि परिहार सेवेची परिचारिका घरी येतात. पोटातून घरीच करायच्या डायलिसिसच्या पिशव्याही दिल्या जातात. इथे पंचायत नाही, थेट राज्याचा आरोग्य विभाग पैसे देतो. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या योजनेची दखल घेतली गेली.

महाराष्ट्राकडे असा पैसा आहे का?

काही प्रमाणात आहे, पण तो इमारतींकडे वळलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांच्या माध्यमातून आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातली कामे होती उपकेंद्रांच्या इमारती, तपासणी सुविधा, तालुका पातळीवरील आरोग्य युनिट, शहरी आरोग्य केंद्रे. घरभेटीचा स्वतंत्र रकाना त्यात नव्हता. इमारत बांधून झाल्याचा फोटो निघतो. ‘पाठीला जखम झाली नाही’ याचा फोटो निघत नाही.

एकूण सरकारी आरोग्य खर्चही मर्यादितच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातला वाटा ३९.४ टक्के होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे. पण या लेख्यांत ब्युरोच्या मावशींचा पगार सहसा मोजलाच जात नाही, कारण जेवण भरवणे आणि कूस बदलणे याला हिशेबाच्या भाषेत वैद्यकीय सेवा म्हणत नाहीत.

विमा कंपन्यांचे काय?

खासगी पॉलिसींमध्ये ‘डोमिसिलरी हॉस्पिटलायझेशन’ नावाचे कलम अनेकदा असते. त्याचा अर्थ ‘घरची शुश्रूषा’ असा घेऊ नये. ज्या आजारासाठी एरवी भरती व्हावे लागले असते, पण रुग्णाला हलवणे शक्य नाही किंवा रुग्णालयात खाट नाही, अशाच स्थितीत आणि साधारणपणे सलग तीन दिवसांहून अधिक चाललेल्या उपचारांना ते लागू होते. महिनोन्‌महिने चालणारी काळजी त्यात बसत नाही.

घरच्या उपचारांचे पैसे देणे विम्याला जमते, हे मात्र करोनाकाळात दिसले. जुलै २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी घेतलेल्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्च धरला होता. नियामकाने सांगितले, कंपन्यांनी दिले. साथ ओसरली आणि ती पॉलिसीही मागे पडली.

आज कुटुंबाच्या हाताशी काय आहे?

एकच अर्ज करून सगळे मिळेल, अशी खिडकी नाही. तुकडे जोडावे लागतात.

पक्षाघात, पाठीच्या कण्याची इजा किंवा पार्किन्सनसारख्या आजाराने आलेले अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येते. वयामुळे आले आहे म्हणून अनेक कुटुंबे याला अपंगत्व समजतच नाहीत आणि अर्ज करत नाहीत. या कार्डाचा उपयोग पुढे होतो. राज्यातील ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. त्यातून साहाय्यक साधने किंवा थेट मदत देता येते. गावात हा निधी कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे मासिक अनुदान गरीब कुटुंबांना लागू होते. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. एक लाखापर्यंतच्या या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात, आणि सरकारी विम्यांमध्ये हे दुर्मीळ आहे.

प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत, आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते (आतापर्यंत ही ८०डी कलमाची वजावट म्हणून ओळखली जाई). त्यासाठी पैसे रोखीने न देता बँकेतून किंवा यूपीआयने दिलेले असावे लागतात. मावशींना रोख पगार देणाऱ्या घरांना त्याचा फारसा फायदा होत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ही वजावटच नाही. डायपरवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून पाच टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा सगळ्यांना.

आणि एक तरतूद अशी आहे, जिची चर्चा जवळपास होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम २४ मध्ये, ज्यांना रोजच्या जगण्यासाठी सतत दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी ‘काळजीवाहू भत्त्या’चा स्पष्ट उल्लेख आहे. अशा आधाराची मागणी करणारा अर्ज स्वतः दिव्यांग व्यक्ती किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही करू शकते, असे कलम ३८ सांगते. भत्ता किती द्यायचा, हे कायद्याने ठरवलेले नाही. तो सरकारने ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ योजना आखून द्यायचा आहे.